नवा टीव्ही आला, जुनं होम थिएटर मुकं झालं? अपग्रेड करण्याआधी तपासायच्या गोष्टी

हुपरी (ता. हातकणंगले) : दसरा-दिवाळी आली किंवा घरात लग्नकार्य निघालं की टीव्ही बदलला जातो. मोठा स्मार्ट टीव्ही भिंतीवर चढतो, चित्र झकास दिसतं. मग जुन्या होम थिएटरची लाल-पांढरी पिन हातात घेऊन माणूस टीव्हीच्या मागे बघतो, तर ती घालायला जागाच नसते. काहींचं उलटं होतं. साउंडबार आणला जातो, पण तो जुन्या टीव्हीला जोडताच येत नाही. काहीजण नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जुने स्पीकर लावतात आणि आठवडाभरात जळका वास येतो.

यात वस्तू खराब असते असं नाही. दोन चांगल्या वस्तू एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच. हुपरीत चांदीचा टंच काढल्याशिवाय कुणी व्यवहार करत नाही. होम थिएटरचंही तसंच आहे. पैसे मोजण्याआधी काय तपासायचं आणि काय कशाला जुळतं, हे एकदा कळलं की बरेचदा नवीन संच घ्यायची गरजच उरत नाही. पाचशे-हजाराच्या एका डबीवर काम भागतं.

■ पहिलं काम : मागच्या बाजूचे फोटो काढा

दुकानात जाण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा.

१) टीव्हीच्या मागची आणि बाजूची सगळी पोर्ट, त्यांच्या शेजारची अक्षरं वाचता येतील असे
२) होम थिएटर किंवा अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू
३) स्पीकरच्या मागचं लेबल, त्यावर ओहम आणि वॅट लिहिलेले असतात
४) सेट टॉप बॉक्सची मागची बाजू

"माझ्याकडे अमुक कंपनीचा टीव्ही आहे" एवढं सांगून दुकानदाराला काही कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पोर्ट वेगवेगळी असतात. फोटो दाखवला की निम्मी चूक तिथेच टळते.

■ 'इन' आणि 'आउट' : सगळ्यात जास्त फसवणारी जागा

टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकं असली तरी बहुतेक नव्या टीव्हीत ती 'एव्ही इन' असतात. म्हणजे बाहेरून टीव्हीत आवाज आणि चित्र आणण्यासाठी. टीव्हीतून आवाज बाहेर काढण्यासाठी ती नसतात. होम थिएटरची पिन तिथे घातली तर आवाज येणारच नाही. लोक मात्र होम थिएटर बिघडलं म्हणून ते दुरुस्तीला नेतात.

टीव्हीतून आवाज बाहेर काढायचे मुख्य मार्ग चार असतात. तुमच्या टीव्हीत यातलं काय आहे ते बघा.

• हेडफोनचं भोक : मोबाइलच्या इअरफोनसारखं, साडेतीन मिलिमीटरचं. जोडायला सगळ्यात सोपं आणि स्वस्त.
• ऑप्टिकल : छोटं चौकोनी झाकण असलेलं. टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो.
• एचडीएमआय एआरसी : एचडीएमआयच्या तीन-चार पोर्टपैकी एकाच पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं.
• ब्लूटूथ : तार लागत नाही, पण मर्यादा आहेत. त्या पुढे दिल्या आहेत.

■ प्रकार १ : जुनं डीव्हीडीवालं ५.१ होम थिएटर, नवा स्मार्ट टीव्ही

गावात सगळ्यात जास्त दिसणारी जोडी हीच.

टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर साडेतीन मिलिमीटर ते दोन आरसीए अशी तार घ्या. एक टोक टीव्हीत, लाल-पांढरं टोक होम थिएटरच्या 'ऑक्स इन' किंवा 'ऑडिओ इन'मध्ये. तार घातली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बहुतेक वेळा बंद होतो. तो बिघाड नाही. टीव्हीचा आवाज बराच वाढवून ठेवा आणि पुढे कमी-जास्त होम थिएटरच्या रिमोटने करा.

हेडफोनचं भोक नसेल आणि फक्त ऑप्टिकल असेल, तर मध्ये 'डीएसी' नावाची छोटी डबी लागते. ही ऑप्टिकलचा डिजिटल आवाज लाल-पांढऱ्या पिनेच्या साध्या आवाजात बदलते. इथे एक खोच आहे. स्वस्तातल्या बहुतेक डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही. त्यामुळे टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर ठेवावं लागतं. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' वर राहिलं तर आवाज येत नाही, नाहीतर नुसती खरखर येते. डबी परत करण्याआधी हे सेटिंग एकदा बघा.

दुसरी खोच एचडीएमआयची. जुन्या डीव्हीडी होम थिएटरलाही मागे एचडीएमआय असतं. ते बघून लोक एचडीएमआय तार आणतात. पण ते पोर्ट डीव्हीडीचं चित्र टीव्हीकडे पाठवण्यासाठी दिलेलं असतं. टीव्हीचा आवाज उलट दिशेने आत घ्यायचा असेल तर त्याच पोर्टशेजारी 'एआरसी' लिहिलेलं पाहिजे. एआरसीची सोय एचडीएमआय १.४ या आवृत्तीत, २००९ साली आली. त्याआधीच्या संचात ती असूच शकत नाही, नंतरच्या सगळ्या संचांतही नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. हेडफोनच्या तारेतून किंवा डबीतून आलेला आवाज दोनच चॅनेलचा असतो, डावा आणि उजवा. त्यामुळे मागचे स्पीकर मुके राहतात. होम थिएटरच्या रिमोटवर 'प्रो लॉजिक', 'सराउंड' किंवा सगळ्या स्पीकरमधून आवाज देणारं बटण असतं, ते दाबून बघा. मागचे स्पीकर बोलायला लागतील. खरा वेगवेगळा ५.१ आवाज मात्र असा मिळत नाही.

■ प्रकार २ : असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायर

स्थानिक मेकॅनिककडून बनवून घेतलेले ५.१ अ‍ॅम्प्लिफायर अजून बऱ्याच घरांत जोरात वाजतात. त्यांच्या मागे सहा आरसीए भोकं असतात. जुन्या डीव्हीडी प्लेअरला सहा पिना बाहेर यायच्या, त्या थेट इथे बसायच्या. आजच्या कुठल्याही टीव्हीला अशा सहा पिना नसतात.

खरा ५.१ हवा असेल तर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय आत घेऊन सहा पिना बाहेर देणारा ५.१ डिकोडर घ्यावा लागतो. घेताना तो डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस दोन्ही उलगडतो का, ते चालवून बघूनच घ्या. डिकोडर लावल्यावर टीव्हीचं आउटपुट 'पीसीएम' वरून 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' वर करायचं. डीएसीच्या डबीच्या बरोबर उलटं.

बोर्ड बदलून पॉवर वाढवायची असेल तर ट्रान्सफॉर्मर आधी बघा. ४४४० आयसीचा बोर्ड बारा-तेरा व्होल्टच्या सिंगल सप्लायवर चालतो. ७२९४ आयसीला प्लस-मायनस असा ड्युअल सप्लाय लागतो आणि त्याची चालवण्याची मर्यादा दोन्ही बाजूंना ४० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले व्होल्ट एसीचे असतात. डायोड-कपॅसिटरनंतर ते साधारण १.४ पट होतात. १२-०-१२ चे सतरा, १८-०-१८ चे पंचवीस, २४-०-२४ चे चौतीसच्या आसपास. जुनाच १२-०-१२ ठेवून मोठा बोर्ड बसवला तर पॉवर मिळत नाही. अंदाजाने मोठा ट्रान्सफॉर्मर लावला तर आयसी उडतो, आणि जाताना स्पीकरही घेऊन जातो. बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि आयसीच्या मागचा हीटसिंक हे तिन्ही एकदमच बदलायचे.

■ प्रकार ३ : जुना टीव्ही, नवा साउंडबार

साउंडबार घेताना टीव्हीकडे बघायचं राहून जातं. जुन्या एलसीडी टीव्हीला एचडीएमआय असलं तरी एआरसी नसेल. काही साउंडबारला मात्र एआरसी आणि ब्लूटूथ एवढंच असतं. अशी जोडी जुळत नाही. टीव्हीला ऑप्टिकल असेल तर ऑप्टिकलवाला साउंडबार घ्या. टीव्हीला फक्त हेडफोनचं भोक असेल तर 'ऑक्स' असलेला.

जुने स्पीकर साउंडबारला जोडता येतील, हा आणखी एक गैरसमज. बहुतेक साउंडबारला बाहेरचे स्पीकर जोडायला जागाच नसते. वायरलेस सबवूफर आणि मागचे वायरलेस स्पीकर त्या-त्या कंपनीच्या ठरावीक मॉडेललाच जुळतात. आज साधा साउंडबार घेऊ आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा सबवूफर जोडू, हा बेत जमत नाही. पुढे वाढवायचं असेल तर त्याच मॉडेलला कुठले जोड-स्पीकर चालतात हे आधीच विचारा.

■ प्रकार ४ : नवा एव्ही रिसीव्हर, जुने स्पीकर

इथे पैशाचं सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं, म्हणून सावकाश वाचा.

ओहम : स्पीकरचे ओहम म्हणजे त्याचा विजेला होणारा अडथळा. आकडा जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. तयार होम थिएटरच्या काही संचांसोबत ३ किंवा ४ ओहमचे स्पीकर येतात, कारण त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर तसाच बनवलेला असतो. नव्या रिसीव्हरवर '६ ते १६ ओहम' असं लिहिलेलं असेल आणि त्याला ३ ओहमचे स्पीकर जोडले, तर त्याच आवाजाला दुप्पट करंट ओढला जातो. रिसीव्हर तापतो, मध्येच बंद पडतो, शेवटी आउटपुट जळतं. गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. ते घरच्या अ‍ॅम्पला लावतानाही हेच.

एका आउटपुटला दोन स्पीकर जोडायचे असतील तर हिशोब असा :
• ८ आणि ८ ओहम समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) = ४ ओहम
• ८ आणि ८ ओहम एकामागोमाग = १६ ओहम
• ४ आणि ४ ओहम समांतर = २ ओहम, घरच्या अ‍ॅम्पला हे करूच नका

लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटर लावा. मीटरचा आकडा लेबलपेक्षा थोडा कमी येतो. ६ च्या आसपास आला तर स्पीकर ८ ओहमचा, ३ ते साडेतीन आला तर ४ ओहमचा समजा.

सबवूफर : दोन जाती आहेत. जुन्या संचातल्या बऱ्याच सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प नसतो, फक्त स्पीकरची तार असते. नव्या रिसीव्हरचं 'सब प्री-आउट' ही नुसती सिग्नलची पिन आहे, तिच्यात ताकद नसते. त्यामुळे जुना सबवूफर तिथे वाजत नाही. आत अ‍ॅम्प असलेला, विजेच्या पिनेचा सबवूफर लागतो. जुनाच वापरायचा तर मध्ये छोटा वेगळा अ‍ॅम्प बसवावा लागतो.

पिना : काही कंपन्यांच्या स्पीकरच्या तारांना रंगीत खास पिना असतात, त्या दुसऱ्या रिसीव्हरला बसत नाहीत. पिन कापून तार मोकळी करता येते, पण आधी ओहम तपासा. कंपनीने वेगळी पिन दिली त्यामागे कारण बहुधा हेच असतं. कापण्याआधी कुठली तार प्लस, याची खूण करा.

प्लस-मायनस : एका स्पीकरची तार उलटी लागली तर आवाज येतो, पण बेस पोकळ होतो. खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावा. पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस टोक लागलं ती तार प्लस. ही चाचणी वूफरवरच करा, छोट्या ट्वीटरवर नको.

■ वॅटच्या आकड्यांना भुलू नका

खोक्यावर पीएमपीओमध्ये हजारो वॅट लिहिलेले असतात. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ नाही. आरएमएस वॅट बघा, आणि तो सगळ्या स्पीकरचा मिळून आहे की एका चॅनेलचा, हेही विचारा.

वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ४० वॅटचा अ‍ॅम्प देऊन ८० वॅटचा आणला तर फरक जेमतेम कळतो. दहा बाय बाराच्या खोलीत तर बिलकूल गरज नाही. लहान अ‍ॅम्प शेवटच्या टोकापर्यंत पिळून वाजवला तरी ट्वीटर जळतात, हेही विसरू नका. आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्यायचं.

■ तार : चांदीची, तांब्याची की मुलाम्याची?

हे हुपरीकरांना वेगळं समजावून सांगायला नको. विजेसाठी सगळ्या धातूंत चांदी सरस, दुसरा नंबर तांब्याचा. पण दोघांतला फरक फक्त पाच-सहा टक्क्यांचा. तांब्याची तार किंचित जाड घेतली की तो भरून निघतो. म्हणून 'सिल्व्हर' लिहिलेली महागडी स्पीकर तार घ्यायचं कारण नाही. चांदी पैंजणात आणि जोडव्यातच शोभते.

खरा धोका सीसीए तारेचा आहे. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर, म्हणजे मुलामाच. दिसायला अस्सल तांब्यासारखी, पण अडथळा तांब्याच्या जवळपास दीडपट आणि वाकवली की लवकर तुटते. तारेचं टोक चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर समजून जा.

जाडीचा अंदाज असा : मागचा स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटर तांब्यात एवढ्या अंतराला सुमारे ०.३४ ओहम अडथळा येतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो चालतो. ४ ओहमच्या स्पीकरला जास्त पडतो, तिथे २.५ चौरस मिलिमीटर घ्या.

■ 'डॉल्बी' म्हणजे मोठा आवाज नव्हे

आपल्या जिल्ह्यात डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात. खरं तर डॉल्बी ही रे डॉल्बी यांनी १९६५ साली काढलेली कंपनी, आणि तिचं पहिलं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. टीव्ही किंवा साउंडबारवर 'डॉल्बी' लिहिलेलं असतं, तेव्हा त्या पद्धतीने साठवलेला आवाज उलगडता येतो एवढाच अर्थ. दोनच स्पीकरच्या साउंडबारवरही ते लिहिलेलं असतं. स्पीकर किती हे ५.१ सारख्या आकड्यावरून कळतं : पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

कुठल्या तारेतून काय जातं, ते असं :
• ऑप्टिकल : दोन चॅनेलचा पीसीएम किंवा डॉल्बी डिजिटल, डीटीएसचा ५.१. अ‍ॅटमॉस जात नाही.
• एआरसी : वरचं सगळं, शिवाय डॉल्बी डिजिटल प्लस. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस याच रूपात येतो, पण टीव्ही आणि साउंडबार दोघांनी साथ दिली पाहिजे.
• ईएआरसी : ब्लू-रेवरचा संपूर्ण, न दाबलेला आवाजसुद्धा.

अ‍ॅटमॉसचा साउंडबार आणून तो ऑप्टिकलने जोडला तर अ‍ॅटमॉसचे पैसे वाया गेले.

■ पेनड्राइव्हवरच्या सिनेमाला आवाज नाही?

चित्र येतं आणि पडद्यावर 'ऑडिओला सपोर्ट नाही' असा संदेश येतो. बहुतेक वेळा कारण डीटीएस. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलमध्ये परत दिलं. टीव्ही बिघडलेला नाही. तोच पेनड्राइव्ह होम थिएटरच्या यूएसबीत चालतो का बघा, किंवा मोबाइल-कॉम्प्युटरवर त्या फाइलचा आवाज एएसी प्रकारात बदलून घ्या. पेनड्राइव्हवरच सिनेमे बघणारं घर असेल तर टीव्ही घेताना आपलाच पेनड्राइव्ह दुकानात लावून दाखवायला सांगा.

■ फोर-के टीव्ही आणि जुना रिसीव्हर

काही घरांत सेट टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला जोडलेली असते. टीव्ही फोर-के आला की अडचण सुरू होते. जुना रिसीव्हर एचडीसीपी २.२ ही कॉपीराइटची कुलूप-किल्ली ओळखत नसेल तर पडदा काळा होतो किंवा चित्र साध्या एचडीवर येतं. एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं, ६० साठी २.० आवृत्ती लागते.

यासाठी रिसीव्हर बदलायची गरज नाही. बॉक्स आणि स्टिक थेट टीव्हीला जोडा. टीव्हीतून फक्त आवाज एआरसी किंवा ऑप्टिकलने रिसीव्हरकडे आणा.

■ सेट टॉप बॉक्सवाल्यांसाठी स्वस्तातला उपाय

घरात मुख्यतः डीडी फ्री डिश किंवा केबलच बघत असाल आणि बॉक्सला लाल-पांढरी पिन असेल, तर ती टीव्हीला न लावता थेट होम थिएटरला लावा. चित्र पिवळ्या पिनेने किंवा एचडीएमआयने टीव्हीकडे. टीव्हीचा आवाज शून्यावर. डबी नको, डिकोडर नको. फक्त टीव्हीतल्या यूट्यूबचा आवाज या मार्गाने येणार नाही.

■ ब्लूटूथच्या मर्यादा

होम थिएटरला ब्लूटूथ आहे म्हणून टीव्हीशी जुळेलच असं नाही. काही टीव्हींचं ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं असतं, ते आवाज पाठवत नाही. जुळलं तरी आवाज दोन चॅनेलचाच आणि ओठांच्या मागून येतो. भजन, गाणी, बातम्यांना चालतं. सिनेमा आणि क्रिकेटला तारच बरी.

■ वीज, अर्थिंग आणि वळीव

• स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी केबलची किंवा डिशची तार टीव्हीतून काढून बघा. आवाज थांबला तर दोष होम थिएटरचा नाही, अर्थिंगचा आहे. तिसरी पिन कापून हा आवाज घालवू नका, जिवावर बेतेल. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.
• अमेरिकेतून पाहुण्यांनी आणलेला संच १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. लेबलवर '१००-२४०' असेल तर चालतो, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय पिन लावू नका. दुबईचा २२०-२४० व्होल्टचा चालतो, तरी लेबल वाचाच.
• बाहेरून आणलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रीजनही बघा. भारताचा डीव्हीडी रीजन ५ आणि ब्लू-रेचा सी.
• वळवाचा पाऊस सुरू झाला की विजेची पिन तर काढाच, डिशची तारही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते.

■ आवाज येत नाही? या क्रमाने बघा

१) होम थिएटरचा इनपुट बरोबर निवडलाय का? ऑक्स, ऑप्टिकल, टीव्ही-एआरसी हे वेगवेगळे इनपुट आहेत.
२) एआरसी असेल तर तार दोन्हीकडे एआरसी लिहिलेल्याच पोर्टमध्ये आहे का?
३) टीव्हीत सीईसी चालू आहे का? सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.
४) टीव्हीचं साउंड आउटपुट 'टीव्ही स्पीकर' वरून बदललं का?
५) डिजिटल आउटपुट एकदा 'पीसीएम' करून बघा.
६) दोन्ही वस्तू बोर्डावरून बंद करा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग होम थिएटर चालू करा.
७) एवढं करूनही नाहीच आला तर तार बदलून बघा. मेकॅनिक त्यानंतर.

आवाज ओठांच्या पुढे-मागे होत असेल तर टीव्ही किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' असतं, ते थोडं-थोडं हलवा.

■ खरेदी करताना

• पक्कं जीएसटी बिल घ्या. त्यावर मॉडेल नंबर पूर्ण लिहिलेला हवा.
• "तुमच्या टीव्हीला चालतंय की" असं तोंडी सांगितलं तर तेच बिलावर टीव्हीच्या मॉडेलसह लिहून मागा. खात्री असलेला दुकानदार लिहून देतो.
• जुळलं नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, ते आधीच ठरवा. ऑनलाइन घेतलं तर खोकं आणि थर्माकोल महिनाभर जपून ठेवा.
• टीव्ही, पॉवर अडॅप्टर, ब्लूटूथ स्पीकर अशा वस्तूंना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवरचा 'आर' ने सुरू होणारा नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो.
• सेकंडहँड घेताना मूळ रिमोट आहे का बघा. जुन्या होम थिएटरची निम्मी सेटिंग रिमोटशिवाय उघडतच नाहीत.
• फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे निकाल लागला नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दोन्हीकडे बिल लागतं.

जुना संच भंगारात देण्याआधी हे सगळं एकदा करून बघा. चांगल्या लाकडी डब्याचे जुने स्पीकर आजच्या बऱ्याच स्वस्त साउंडबारपेक्षा सरस वाजतात. अगदीच मोडीत काढायचा असेल तर तांब्यासाठी तारा जाळू नका, त्या धुराचा त्रास आधी आपल्याच घरच्यांना. ई-कचरा नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यायचा असतो.

आणि जुळणी जमली, आवाज झकास आला, तरी रात्री दहानंतर बटण खाली. घरातल्या खासगी संचालाही ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू आहेत, आणि शेजारच्या घरात सकाळी लवकर उठून कामाला बसणारी माणसं असतात.